क्रिएटिनिनच्या शेजारचा आकडा

प्रति,
माननीय मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



हे पत्र एका आकड्यासाठी आहे. नवे रुग्णालय, नवी योजना, नवे यंत्र यांपैकी काहीही यात मागितलेले नाही. रक्तातल्या क्रिएटिनिनची तपासणी जिल्हा रुग्णालयापासून तालुक्याच्या बाजारपेठेतल्या खासगी लॅबपर्यंत राज्यभर रोज होत असते. तिच्या रिपोर्टवर क्रिएटिनिनच्या ओळीखाली ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडे मिनिटाला किती मिलिलिटर गाळण करतात याचा अंदाज, छापलेला असावा. पुढे तोच आकडा रुग्णाच्या चिठ्ठीवर लिहिला जावा, म्हणजे औषध लिहून देणारा आणि काउंटरवरून काढून देणारा अशा दोघांनाही तो दिसेल. एवढीच मागणी आहे. ती किरकोळ वाटेल याची कल्पना आहे, म्हणून कारणे जरा सविस्तर मांडतो.

रिपोर्टचा कागद डोळ्यांसमोर आणा. वरच्या बाजूला नाव, त्याखाली वय ७०, लिंग स्त्री. मधल्या रकान्यात सिरम क्रिएटिनिन १.२ आणि उजवीकडे बारीक अक्षरांत मर्यादा, ०.६ ते १.२. आकडा मर्यादेत बसला म्हणून तो ठळक केलेला नाही, शेजारी बाण नाही, तांबडी शाई नाही. ‘किडनी नॉर्मल आहे’ म्हणत कागद घडी घालून पिशवीत जातो. आता त्याच लॅबमधून त्याच दिवशी निघालेला दुसरा कागद घ्या: वय २५, पुरुष, क्रिएटिनिन तेच, १.२. सीकेडी-ईपीआय या २०२१ सालच्या सूत्रात ही माहिती घातली तर तरुणाचा ईजीएफआर ८६ येतो आणि आजींचा ४९. हा आकडा साठच्या खाली तीन महिने टिकला की त्याला दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात. म्हणजे एक माणूस ठणठणीत, दुसऱ्याच्या मूत्रपिंडांचे जवळपास निम्मे काम गेलेले, आणि दोघांचेही कागद एकच गोष्ट सांगतात. गंमत अशी की सूत्राला लागणाऱ्या तिन्ही गोष्टी, वय, लिंग आणि क्रिएटिनिन, त्या कागदावर आधीच छापलेल्या असतात. राहते ते फक्त गणित, आणि ते कुणी करायचे हे कुठेच ठरलेले नाही. वीस-पंचवीस रुग्णांची रांग दाराबाहेर असताना प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरने ते मनातल्या मनात करावे, अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे.

क्रिएटिनिन फसवते, कारण ते मूत्रपिंडात तयार होत नाही, स्नायूंत होते. ज्याच्या अंगावर मांस जास्त त्याच्या रक्तात ते जास्त. वय झाले, खाणे कमी झाले, अंगाची नुसती काडी उरली की मुळात तयारच कमी होते, आणि मूत्रपिंडे मंदावली तरी रक्तातला आकडा फारसा चढत नाही. जिथे धोका जास्त, नेमके तिथेच हे मोजमाप गप्प बसते. आपल्याकडच्या कृश, वृद्ध आणि बहुतांशी स्त्री रुग्णांना याचा फटका सर्वांत आधी बसणार हे उघड आहे. ‘लॅन्सेट’मध्ये २०२० साली आलेल्या जागतिक अंदाजानुसार २०१७ मध्ये भारतात या विकाराचे सुमारे ११.५ कोटी लोक होते. पहिल्या टप्प्यांत ना दुखते, ना सूज येते. त्यामुळे यातल्या बहुतेकांना पत्ता नसतो, आणि गुडघे, पाय, साखर, रक्तदाब यांची औषधे मात्र त्यांची चालूच असतात.

मोजमाप बदलल्याने औषधाचा निर्णय किती बदलतो, याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण मेटफॉर्मिनचे आहे. मधुमेहाची ही सर्वांत जास्त लिहिली जाणारी गोळी मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाचा जुना नियम क्रिएटिनिनवर बेतलेला होता: पुरुषात १.५ आणि स्त्रीत १.४ झाले की गोळी बंद. एप्रिल २०१६ मध्ये त्यांनी तो मोडीत काढला आणि ईजीएफआरचा नियम आणला: ३० च्या खाली द्यायची नाही, ३० ते ४५ मध्ये नव्याने सुरू करायची नाही. जुन्या नियमाने तिशीतल्या, क्रिएटिनिन १.५ असलेल्या पुरुषाची गोळी काढून घेतली जाई, जरी त्याचा ईजीएफआर साठच्या वर असला तरी. पंचाहत्तरीच्या, क्रिएटिनिन १.३ असलेल्या बाईंना मात्र ती निर्धास्त पूर्ण मात्रेत मिळे. त्यांचा ईजीएफआर ४३ च्या आसपास येतो. एकाच नियमाने दोन उलट चुका होत होत्या: लागणारे औषध एकाला नाकारले जात होते, आणि दुसरीकडे मात्रा कमी करायची वेळ आली तरी कुणाला कळत नव्हते. नियम बदलला. आपल्या बहुतेक रिपोर्टांवर मात्र तो बदल उतरलाच नाही.

मेटफॉर्मिनबद्दल निदान बोलले तरी जाते. ज्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही अशा औषधांची यादी लांब आहे, पण एकच नीट पाहू. तळपायांची आग होते, मुंग्या येतात म्हणून मधुमेही वृद्धांना प्रेगाबालिन दिले जाते, बहुधा मिथाइलकोबालामिनच्या जोडीने एकाच गोळीत. प्रेगाबालिन यकृतात जवळजवळ मोडतच नाही, जसेच्या तसे लघवीवाटे जाते. म्हणून गाळण साठच्या खाली गेली की मात्रा निम्मी आणि तीसच्या खाली त्याच्याही निम्मी करायची असते. ती न केल्यास काय होते, ते कुठल्याही रिपोर्टवर दिसत नाही. आजी दिवसभर झापडीत असतात, बोलताना शब्द अडखळतात, रात्री लघवीला उठल्यावर तोल जातो, आणि एके पहाटे मोरीत पडून खुब्याचे हाड मोडते. नोंद होते ती ‘वयोमानाने पडल्या’ अशी. नागिणीवर दिलेल्या असायक्लोव्हिरने किंवा कंबर आखडली म्हणून दिलेल्या बॅक्लोफेनने भ्रम होतो, तेव्हा घरचे म्हणतात, म्हातारपणामुळे बरळतात. मधुमेहाचे ग्लिबेनक्लेमाइड अंगात साचले तर साखर एकदा उतरून थांबत नाही. सलाइन लावून वर आणली तरी पुन्हा पुन्हा उतरत राहते. त्यात एक गोम आणखी आहे. इन्सुलिनची विल्हेवाट लावण्यातही मूत्रपिंडांचा मोठा वाटा असतो. ती थकली की इन्सुलिन रक्तात जास्त वेळ रेंगाळते आणि वर्षानुवर्षे आटोक्यात न आलेली साखर आपोआप सुधारू लागते. घरात आनंद होतो, पथ्याला यश आले म्हणून कौतुक होते, आणि मूत्रपिंडे मागे पडल्याची खूण शुभवार्ता समजून साजरी होते. शेजारी ईजीएफआरचा आकडा असता तर ती खूण वाचता आली असती.

आता दुखण्याच्या गोळ्या. मूत्रपिंडावर ताण येतो, मग तो उलटी-जुलाबाचा असो, विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्याच्या उन्हाचा असो वा वाढत्या वयाचा, तेव्हा गाळणीकडे येणारी बारीक रक्तवाहिनी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये मोकळी ठेवतात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, असेक्लोफेनॅक ही औषधे नेमकी तीच द्रव्ये बंद पाडतात. दुखणे थांबते ते त्यामुळेच. धडधाकट माणसाला दोन-चार दिवसांत याने सहसा काही होत नाही, हेही सांगायला हवे. पण त्याच माणसाची रक्तदाबासाठी लोसार्टन किंवा टेल्मिसार्टन आणि लघवी जास्त करणारी गोळी चालू असेल तर चित्र पालटते: येणारी वाहिनी आवळलेली, जाणारी सैल, आणि अंगातले पाणीही कमी. ब्रिटनमध्ये रक्तदाबाची औषधे घेणाऱ्या ४,८७,३७२ जणांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०१३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. या तिन्ही औषधांचे त्रिकूट घेणाऱ्यांत मूत्रपिंडे अचानक बिघडण्याचे प्रमाण ३१ टक्के जास्त होते, आणि पहिल्या तीस दिवसांत तर ८२ टक्के. एकेका माणसाचा धोका तरीही लहानच आहे. पण रक्तदाब आणि गुडघेदुखी एकाच घरात, एकाच माणसात नांदतात, आणि अशी घरे महाराष्ट्रात गल्लोगल्ली आहेत.

डायक्लोफेनॅक ‘शेड्यूल एच’मध्ये आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय मिळू नये असा कायदा आहे. पट्टीवर तशी सूचना छापलेली असते, तांबडी रेघही असते. प्रत्यक्षात गिऱ्हाईक ‘गुडघ्याच्या चार गोळ्या द्या’ म्हणते, दहाच्या पट्टीतून चार गोळ्या कात्रीने कापल्या जातात, आणि सूचना, रेघ, कधी कधी औषधाचे नावही उरलेल्या सहा गोळ्यांबरोबर दुकानातच राहते. घरी जाते ते चकचकीत कागदात गुंडाळलेले निनावी औषध. जाता जाता एक गोष्ट आठवते. याच डायक्लोफेनॅकचे जनावरांसाठीचे उत्पादन देशात २००६ साली बंद झाले, कारण ते दिलेल्या गुरांचे मांस खाऊन गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मरत होती. गिधाडाचे शरीर आणि आपले शरीर सारखे नाही, त्यामुळे तुलना ताणणार नाही. पण पक्ष्याच्या मूत्रपिंडाचा विचार करून कायदा करणारे सरकार माणसाच्या रिपोर्टवर एक ओळ वाढवू शकते, एवढा निष्कर्ष काढायला हरकत नसावी.

इथवर वाचून असे वाटेल की सगळी मागणी औषधे बंद करण्यासाठी आहे. तसे असते तर हे पत्र लिहिले नसते, कारण उलट्या दिशेची चूक तितकीच महागात पडते. ‘बीपीच्या गोळ्यांनी किडनी खराब होते’ हा समज गावोगाव पक्का आहे, आणि त्यापायी लोक नेमकी मूत्रपिंड सांभाळणारी गोळी सोडतात. रामिप्रिल किंवा लोसार्टन सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडे चढते. तीस टक्क्यांपर्यंतची वाढ साधारणपणे चालवून घेतात, कारण गाळणीवरचा दाब उतरल्याचीच ती खूण असते. सुटा क्रिएटिनिनचा आकडा पाहणारा घाबरून गोळी थांबवतो. विकार पुष्कळ पुढे गेलेल्या ४११ ब्रिटिश रुग्णांत अशी औषधे मुद्दाम थांबवून पाहिली गेली. २०२२ साली निकाल आला तेव्हा थांबवल्याने मूत्रपिंडांना काही फायदा झालेला नव्हता. आणि मधुमेहासाठी आलेले डापाग्लिफ्लोझिन? २०२० च्या ‘डापा-सीकेडी’ चाचणीत ४,३०४ रुग्णांपैकी हे औषध मिळालेल्या गटात विकार गंभीरपणे बळावण्याचे किंवा मूत्रपिंड वा हृदयाच्या कारणाने मृत्यू येण्याचे प्रमाण ९.२ टक्के राहिले, न मिळालेल्यांत १४.५ टक्के. मधुमेह नसलेल्यांनाही लाभ झाला. त्याच वर्षी भारतात या औषधाचे पेटंट संपले, अनेक कंपन्यांनी ते बाजारात आणले आणि किंमत उतरली. पण ते कुणाला द्यायचे हे ईजीएफआर आणि लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनावरून ठरते. कागदावर १.२ आणि ‘नॉर्मल’ एवढेच असेल तर त्या आजींना ते सुचवणार कोण?

या मागणीवर आक्षेप आहेत, आणि त्यांतला पहिला वजनदार आहे. हे सूत्र परदेशी माणसांच्या मोजमापांतून बनले, ते आपल्याला लागू कसे? रास्त प्रश्न आहे. आपल्याकडे प्रत्यक्ष गाळण मोजून केलेल्या अभ्यासांत असे दिसले आहे की ही सूत्रे भारतीयांची गाळण अनेकदा खरीपेक्षा जास्त दाखवतात. कमी स्नायू आणि कमी मांसाहार ही त्याची सरळ कारणे. पण चूक कोणत्या बाजूला झुकते ते बघा. आजींचा ४९ हा आकडा चुकीचा असेल तर खरा आकडा बहुधा त्याहून कमी असेल. त्यांचे वजन ४५ किलो धरून, औषधांच्या मात्रेसाठी आजही वापरले जाणारे कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट हे १९७६ चे सूत्र लावले तर उत्तर ३१ येते. ४९ आणि ३१ यांत अंतर मोठे आहे आणि मात्रा ठरवताना ते डोक्यात ठेवावेच लागेल. तरी या दोन्हींपैकी एकही सूत्र ‘सगळे ठीक आहे’ म्हणत नाही. तसे म्हणतो तो आजचा रिपोर्ट. भारतीयांसाठी स्वतंत्र सूत्र व्हावे हे खरेच, पण ते होईपर्यंत उपलब्ध गणित न करणे हा पर्याय कसा ठरतो? गरोदरपणात, अठराच्या खालच्या वयात, व्यायामशाळेत कमावलेल्या शरीरात आणि मूत्रपिंडे अचानक बिघडलेल्या दिवसांत हे सूत्र चालत नाही. तेवढी टीप खाली बारीक अक्षरांत छापता येईल.

दुसरा आक्षेप भीतीचा. वयाबरोबर गाळण कमी होतेच. सत्तरीच्या निम्म्या लोकांना ‘किडनीचा आजार’ सांगून काय साधणार? भीती मी नाकारत नाही. ४९ वाचून घरात डायलिसिसची चर्चा सुरू होईल, कुणी पाणी पाचपट पाजेल, कुणी किडनी साफ करणारे चूर्ण आणेल. शिवाय ४९ वर स्थिर असलेल्या आणि लघवीत अल्ब्युमिन नसलेल्या पंचाहत्तरीच्या माणसाला डायलिसिस कधीच लागणार नाही, अशीच शक्यता जास्त. पण आजार जाहीर करणे आणि मात्रा ठरवणे यांची इथे गल्लत होते. गाळण रोगाने कमी झाली काय अन् वयाने झाली काय, प्रेगाबालिनला त्याचे सोयरसुतक नाही. ते दोन्ही घरी सारखेच साचते. अतिसावधपणाची एक बाजू मात्र जपायला हवी. जंतुसंसर्गाने अत्यवस्थ झालेल्या रुग्णाची गाळण पहिल्या दिवशी उतरलेली असते आणि पुष्कळदा दोन दिवसांत सावरते. तिथे आकडा पाहून अँटिबायोटिकची पहिली मात्राच कापली तर रुग्ण संसर्गाने जाईल. आकडा डॉक्टरपुढे प्रश्न ठेवील, उत्तर डॉक्टरनेच द्यायचे आहे.

तिसरा आक्षेप काउंटरवरचा: मेडिकलवाल्याला हे काय कळणार, आणि त्याला वेळ कुठे? कायद्याने तिथे नोंदणीकृत औषधनिर्माता हजर असायला हवा, आणि २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीने चिठ्ठी तपासण्याची व रुग्णाला समजावण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकली आहे. प्रत्यक्षात अनेक दुकानांत भिंतीवर टांगलेले प्रमाणपत्र एकाचे आणि काउंटरमागे उभा मुलगा दुसराच, हे राज्यात सर्वांना माहीत आहे. ते दुरुस्त करणे औषध प्रशासनाचे काम; ते आपल्या खात्यात येत नाही, हेही मान्य. पण जिथे खरोखर शिकलेला माणूस उभा असतो तिथेही त्याला आज काही दिसत नाही. चिठ्ठीवर मूत्रपिंडाची ओळच नाही, तर त्याने आक्षेप कशाच्या आधारावर घ्यायचा? नेदरलँड्समध्ये मूत्रपिंडाच्या कामाचा बिघडलेला आकडा डॉक्टरने औषधविक्रेत्याला कळवावा असा नियमच आहे. आपल्याकडे तेवढी संगणक-साखळी नाही, पण केस पेपर आहे आणि पेन आहे. ‘ईजीएफआर ४९, मार्च’ एवढे कोपऱ्यात लिहायला किती वेळ लागेल?

खर्चाचे म्हणाल तर ब्रिटनच्या सरकारी प्रयोगशाळा २००६ पासून क्रिएटिनिनबरोबर हा आकडा आपणहून देतात. त्यासाठी जादा रक्त लागत नाही, रसायन लागत नाही, माणूस लागत नाही. संगणकात सूत्र एकदा भरावे लागते. आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रांतले नमुने महालॅबसारख्या व्यवस्थेतून तपासून संगणकावर रिपोर्ट छापले जातात, म्हणजे एका ठिकाणी बदल केला की तो शेकडो केंद्रांवर पोहोचतो. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०२३ पासून मूत्रपिंडविकाराचाही समावेश झाला आहे, त्यामुळे ‘आमच्या कक्षेत नाही’ हे उत्तरही उरत नाही. दुसऱ्या पारड्यात डायलिसिस आहे: आठवड्यातून तीनदा, दर वेळी सुमारे चार तास, शिवाय एसटीने जाण्या-येण्यात मोडणारा दिवस आणि सोबत्याची बुडालेली मजुरी. केंद्राचा २०१६ पासूनचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आणि राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना यांतून यावर सरकार पैसे खर्च करते आणि करायलाच हवेत. ईजीएफआर छापल्याने सगळे डायलिसिस टळेल असा दावा अजिबात नाही. काहींचे पुढे ढकलले जाईल, काहींचे खुब्याचे हाड वाचेल, काहींना मिळायला हवी ती गोळी मिळेल. हिशेब एवढाच आहे.

म्हणून विनंती अशी. सरकारी आणि सरकारी पैशाने चालणाऱ्या सर्व प्रयोगशाळांनी अठरा वर्षांवरील प्रत्येक क्रिएटिनिन रिपोर्टवर ईजीएफआर द्यावा असा शासन निर्णय काढावा. आकडा साठच्या खाली असेल तर त्याच कागदावर मराठीत छापावे: ‘हा आकडा तीन महिन्यांत पुन्हा तपासा. लघवीतले अल्ब्युमिन तपासून घ्या. चालू औषध स्वतःहून बंद करू नका. दुखण्याची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना हा कागद दाखवा.’ केस पेपरच्या नव्या छपाईत वजन आणि रक्तदाबाच्या चौकटींशेजारी ईजीएफआर आणि तारीख यांसाठी एक चौकट वाढवावी. खासगी लॅबचे पुढे पाहता येईल. अनेक मोठ्या लॅब हा आकडा देतातच, आणि सरकारी कागदावर तो दिसू लागला की गिऱ्हाईकच बाकीच्यांकडे मागेल. केस पेपरची पुढची छपाई केव्हा आहे आणि ही चौकट तिच्यात बसते का, एवढे कळवावे.

आपला नम्र,
औषधशास्त्राचा एक अभ्यासक